एळु म्हणजे सात, आणि उठ पण

नर्सरीत कामाला आहे म्हटलं की पाहुण्यांना वाटतं हा दिवसभर झारी घेऊन गुलाबाच्या मागं पुढं फिरत असणार. अहो, गुलाब मी येताजाता लांबनं बघतो. माझं काम पिशव्या भरायचं, काळ्या प्लास्टिकच्या, रोपं लावायच्या.

पहिला वैताग पिशवी उघडायचाच. नवीन पिशव्या एकमेकीला अशा चिकटलेल्या असतात की दोन बोटांत घेऊन चोळा, फुंकर मारा, जिभेला बोट लावा, आणि उघडते ती नेमकी चुकीच्या बाजूनं. पावसाळ्यात हात ओले, मग तर विचारूच नका. मग दोन पाट्या लाल माती, एक वाळू, एक शेणखत, कालवायचं, भरायचं, जमिनीवर दोनदा आपटायचं. कमी आपटली तर पहिल्याच पाण्याला माती अर्ध्यावर बसते आणि सावकार, म्हणजे नर्सरीचा मालक, बोलतो, जास्त आपटली तर पाणी वरच तळं करून बसतं आणि तरी सावकारच बोलतो. हे सगळं उकिडवं बसून. संध्याकाळी उभा राहिलो की गुडघे आधी उठतात, मी नंतर.

पण हे पण चालतं. खरा घोळ मोजण्यात आहे.

आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जंगलाकडच्या अंगाला, शाळा मराठी, देव मराठी, शिव्या तर अस्सल मराठी. नर्सरी बिडीच्या पुढं कित्तूरच्या वाटेला, तिकडं सगळं कन्नड. मजुरी शंभर पिशव्यांच्या हिशोबानं, म्हणून सावकार स्वतः मोजायला येतो, ओंदु, एरडु, मूरु करत. पहिल्या दिवशी माझ्यापाशी येऊन तो बोट दाखवून म्हणाला ‘एळु’. कन्नडमध्ये एळु म्हणजे सात, आणि एळु म्हणजेच उठ. मी उठलो. तो पुढं ‘एंटु’ म्हणणार तोवर माझा पाय भरलेल्या रांगेत, दोन पिशव्या आडव्या, आणि सावकाराची मोजणी परत ओंदुपासनं. ‘काय करूलालास रे?’ म्हणून शेजारची अक्का हसून हसून मातीत बसली.

बसमध्ये पण तेच. २०२३ च्या जूनपासून बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, चांगलंच झालं, पण आमच्या चारी अक्का फुकटात सीटवर आणि मी पैसे देऊन एका पायावर. त्यात कंडक्टर दारातनं ओरडतो ‘हत्तु, हत्तु’. हत्तु म्हणजे दहा एवढं मला तोवर पाठ झालेलं, मी खाली उभा राहून दहाची नोट काढतोय आणि बस हलली. हत्तु म्हणजे चढ पण होतं, हे पळता पळता कळलं. माझं म्हणणं एवढंच की एका भाषेनं आकड्यांना अशी कामं लावू नयेत. आमचं सात सातच असतं की, ते कुणाला उठवत नाही!

तर शनिवारी पगाराला माझ्या हिशोबानं आठशे पिशव्या, सावकाराच्या हिशोबानं सातशे चाळीस. मी मराठीत भांडतोय, तो कन्नडमध्ये, मधे काजूची कलमं बांधणारा पोऱ्या दोघांना चुकीचं भाषांतर करून देतोय. शेवटी अक्कानं ओटीतनं खडे काढले, माझ्या रांगेचे वेगळे ठेवलेले. शंभर झाल्या की एक खडा, ती कुठल्याच भाषेत मोजत नाही. सात खडे निघाले, वरच्या सुट्ट्या पिशव्या तिनं बोटानं दाखवल्या. सावकार बरोबर होता. अक्काला मी दोन दिवस बोललो नाही.

सोमवारपासनं मी पण खिशात खडे ठेवतो. काल बसमध्ये तिकिटाला पैसे काढले तर कंडक्टरच्या हातावर नोट आणि नोटेवर तीन खडे. त्यानं खडे बघितले, मला बघितलं आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला. तो आकडा नव्हता, एवढं मला आता कळतं.