‘दिसायला जुनीच, बिल मात्र नव्या गाडीचं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टार आणि त्याखालचा मजकूर वाचला. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. साहेबांची मिलिट्री डिस्पोजलची, म्हणजे लष्करानं वापरून विकलेली निसान वन-टन (छोटा मालवाहू ट्रक) आमच्या नगरच्या गॅरेजला कामाला होती. तक्रार अशी की सात महिने लावले, ब्रेकवर नको तेवढा खर्च केला, डिझेल इंजिन बसवून दिलं नाही, मिलिट्रीचा हिरवा रंग मारून दिला नाही. शिवाय गाडी नेल्यावर बॅटरी बसली, फोर-बाय-फोरचा लिव्हर अडकला आणि आता गाडी चालूच होईना. शीर्षकातलं वाक्य तुमचंच आहे. आमच्या पोरांनी ते फळ्यावर लिहून ठेवलंय. राग म्हणून नाही, वाक्य बरं जमलंय म्हणून.

ब्रेकपासून सुरू करतो, कारण बिलातला सगळ्यात मोठा आकडा तिथला आहे. तो खर्च टाळा म्हणून तुम्ही तेव्हाही सांगितलं होतं आणि तेव्हाही मी नाही म्हणालो होतो. ही गाडी जबलपूरला निसानच्या परवान्यावर बनायची. लष्कराच्या जोंगा जीपची थोरली बहीणच म्हणा, इंजिन दोघींचं एकच: जवळपास चार लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल. अंगानं भारी, चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि तुमच्या गाडीत ब्रेकची लाईन एकच होती. म्हणजे कुठंही एक पाईप फुटला की पेडल तळाला आणि चारही चाकं मोकळी. ही गाडी तुम्ही माळशेज घाटातून कल्याणला नेणार होता.

पुढच्या डाव्या चाकाचा ड्रम हातोड्यालाही दाद देईना. निघाला तेव्हा आतल्या व्हील सिलिंडरचा (ऑईलच्या दाबानं ब्रेक लावणारा भाग) पिस्टन गंजून जागच्या जागी बसलेला. त्याच चाकाचा ब्रेक ऑईलचा रबरी पाईप, म्हणजे होज, बाहेरून चांगला दिसत होता. आमच्या मिस्त्रींनी तो ब्लेडनं उभा चिरला, तर आतलं रबर फुगून सुईएवढं भोक राहिलेलं. ब्रेक दाबला की ऑईल पुढं जायचं, पाय काढला की परत यायचं नाही आणि चाक पकडूनच राहायचं. ‘एकच चाक एवढं का तापतं?’ हे तुम्ही गाडी आणली त्याच दिवशी विचारलं होतं, त्याचं कारण हे. मिस्त्री लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या ईएमईमधून निवृत्त झालेले हवालदार आहेत, जुना होज बाहेरून बघून पास करायची सवय त्यांना नाही. मग चारही व्हील सिलिंडर, सगळे होज, सगळ्या लाईनी नव्या टाकल्या, आणि टँडम मास्टर सिलिंडर बसवला. त्यात पुढची आणि मागची लाईन वेगळी राहते. एक गेली तर गाडी लांब जाऊन थांबेल, पण थांबेल. त्याचा ब्रॅकेट रेडिमेड मिळत नाही, लेथवर बनवून घ्यावा लागला. हे सगळं बाहेरून दिसत नाही, कबूल. निघालेला सगळा माल तुमच्या नावाच्या पोत्यात ठेवलाय, चिरलेल्या होजसकट.

सात महिन्यांचं म्हणाल तर या गाडीचा माल पुण्याच्या नाना पेठेत मागितला तर दुकानदार हसतो. मिळाला तर जबलपूर किंवा दिल्लीचा मायापुरी भंगार बाजार, आणि तिथूनही फोटोत एक, पार्सलमध्ये दुसरंच. हे काम सुरू करायच्या आधी सांगितलं होतं.

डिझेलचं पुन्हा लिहितो, कारण हे विचारणारे तुम्ही एकटे नाही. कंडम झालेल्या कँटरचं इंजिन बसवायला मला जड नाही, हे बिल उलट वाढलंच असतं. पण तुमच्या आरसीवर पेट्रोल लिहिलंय आणि इंजिन नंबर लिहिलाय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सरळ आहे, आरटीओच्या परवानगीशिवाय असा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ बनावटीत फेरफार करण्यावर बोट ठेवलं होतं. ‘कोण बघतंय’ हे पासिंगपर्यंत ठीक आहे. अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिला बोनेट उघडतो. लिटरला चार किलोमीटर आणि पेट्रोल शंभरच्या वर, हे दुखतं, मलाही कळतं. पण ही गाडी रोज ऑफिसला न्यायची नाहीच.

काहींनी खाली सुचवलंय की व्हिंटेजमध्ये नोंदवा, म्हणजे कटकट मिटेल. नाही मिटणार. २०२१ च्या त्या नियमांत पन्नास वर्षं झालेल्या दुचाक्या आणि प्रवासी मोटारी येतात, मालवाहू ट्रक येत नाही.

रंगाचं तर माझ्या हातातच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. रस्त्यावर हिरव्या जिप्स्या दिसतात, मान्य, त्या माझ्या गॅरेजमधून गेलेल्या नाहीत. म्हणून बिस्किट कलर मारला, नमुना तुम्हीच पसंत केला होता.

आता बॅटरी. गाडी २४ व्होल्टची, त्यात १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. तुमच्या फोटोत स्टिरिओ दिसतोय. तो आमच्याकडे बसवलेला नाही, आणि त्याची लाल वायर थेट एकाच बॅटरीवर गेली आहे. असं केलं की ती एक रोज अर्धी रिकामी होते. चार्जिंग मात्र दोन्हींची बेरीज बघून चालतं, त्यामुळं दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. काही महिन्यांत दोन्ही बाद. त्याला २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लागतो, दुसरा रस्ता नाही.

लिव्हरचा फोटो तुम्हीच टाकलाय हे बरं झालं. त्यात लिव्हर फोर-बाय-फोरमध्ये आहे आणि दारातून खाली डांबरी रस्ता दिसतोय. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा मधला डिफरेन्शियल या गाडीला नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक जरासं घसरून तो फरक भरून निघतो, डांबरावर घसरायला वाव नसतो, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढं-मागं वाटणारा गिअरचा डबा) साठत जातो. लिव्हर त्या पिळात धरला गेलाय. जोर लावू नका, वाकेल. गाडी सरळ रेषेत थोडी मागं घ्या आणि मागं जात असतानाच लिव्हर ओढा, बहुतेक सुटेल.

त्यासाठी गाडी चालू व्हायला हवी, हेही आलंच. पावसाळाभर ती अर्ध्या टाकीवर उभी होती असं तुम्ही लिहिलंय. पंपावर आता बहुतेक ठिकाणी ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि जुन्या पत्र्याच्या अर्धवट टाकीत ओल धरायला जागाही भरपूर. पाईप आणि पंपाचा डायफ्राम आम्ही इथेनॉलला टिकणारे टाकलेत, त्यांची काळजी नाही. टाकीच्या तळाचा नट काढून सगळं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. खाली पाण्याचा वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल परत भरू नका. कार्ब्युरेटर उघडायला मात्र कोणालाही देऊ नका.

पैसे परत मागितलेत, ते देणार नाही. कन्व्हर्टर तुम्ही आणा, बसवायची मजुरी घेणार नाही. ट्रान्सफर केसचं ऑईल काढून लोखंडाचा चुरा आहे का ते तुमच्यासमोर बघू, त्याचेही पैसे नाहीत. कार्ब्युरेटर सफाईचे लागतील. गाडी चालू झाली तर आळेफाट्यावरून टू-व्हील ड्राइव्हमध्येच या. सोमवारी गॅरेज बंद असतं, आदल्या दिवशी फोन करा म्हणजे मिस्त्रींना थांबवून ठेवतो.