'शूटर खेळायला 43 इंची टीव्हीच हवा' या दाव्याचा प्रतिवाद

दसऱ्याच्या खरेदीच्या तोंडावर बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडच्या मराठी व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश हातोहात पुढे पाठवला जात आहे. त्याचा मथितार्थ असा की, व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारखे फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे पात्राच्या नजरेतून पाहत नेम धरून गोळ्या झाडायचे संगणकीय खेळ, जिंकायचे असतील, तर मॉनिटरवर पैसे न घालवता किमान 43 इंची टीव्ही घ्यावा. मोठ्या स्क्रीनवर शत्रू मोठा दिसतो म्हणून तो आधी दिसतो, मैदानाचा जास्त भाग नजरेत येतो, टीव्ही आणि मॉनिटर यांत आता फरक उरलेला नाही, माऊसची सेन्सिटिव्हिटी (माऊस किती सरकवल्यावर नेम किती वळतो ते प्रमाण) तेवढी वाढवावी लागते, लहान स्क्रीनने डोळे बिघडतात, आणि व्यावसायिक खेळाडू 24 इंची मॉनिटर वापरतात ते केवळ स्पर्धेच्या टेबलावर जागा नसते म्हणून, अशी कारणेही त्यात दिली आहेत. बेळगावच्या उद्यमबागेच्या आसपास खोली घेऊन राहणारी अभियांत्रिकीची मुले आणि त्यांना पैसे पाठवणारे पालक यावर विसंबून खरेदी करणार असतील, तर यातले एकेक विधान तपासायलाच हवे.

शत्रू मोठा दिसतो हे पहिले विधान अंतराचा उल्लेखच करत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. डोळ्याला वस्तू किती मोठी भासते, हे तिच्या मापावर आणि ती किती लांब आहे यावर मिळून ठरते. 24 इंची मॉनिटर सुमारे 53 सेंटीमीटर रुंद असतो. तो 60 सेंटीमीटरवर ठेवला, तर नजरेचा जवळजवळ 48 अंशांचा पट्टा व्यापतो. 43 इंची टीव्हीची रुंदी सुमारे 95 सेंटीमीटर असते, पण तो भिंतीवर लावून 2 मीटरवरून, म्हणजे साधारण साडेसहा फुटांवरून पाहिला, तर तो 27 अंशच व्यापतो. 55 इंची टीव्ही 8 फुटांवरून जेवढा रुंद दिसतो, तेवढाच रुंद साडेसहा इंची मोबाइल डोळ्यांपासून 30 सेंटीमीटरवर आडवा धरल्यावर दिसतो. हे गणित पालकांनी मोजपट्टी घेऊन स्वतः करून पाहावे.

आता शत्रूचेच डोके घेऊ. फुल एचडी, म्हणजे 1920 गुणिले 1080 पिक्सेलच्या (ठिपक्यांच्या) चित्रात लांबवरच्या शत्रूचे डोके समजा 8 पिक्सेल रुंद आहे. स्क्रीन कितीही इंचांची असो, ते 8 पिक्सेलच राहते, कारण चित्र खेळ तयार करतो आणि स्क्रीन ते फक्त लहान-मोठ्या ठिपक्यांनी दाखवते. 24 इंची मॉनिटरवर ते सुमारे 2.2 मिलिमीटर भरते आणि 43 इंची फुल एचडी टीव्हीवर 4 मिलिमीटर. मात्र 60 सेंटीमीटरवरचे 2.2 मिलिमीटर डोळ्याला 0.21 अंशाचे भासतात, तर 2 मीटरवरचे 4 मिलिमीटर जेमतेम 0.11 अंशाचे. म्हणजे ज्या टीव्हीवर शत्रू मोठा दिसेल असे सांगितले जाते, त्यावर तो निम्म्याने लहान दिसतो.

यावर टीव्हीच टेबलावर जवळ ठेवू, असे उत्तर येते. बेळगावच्या वडगावातल्या ओळखीच्या एका घरात, पुढच्या खोलीत यंत्रमाग आणि मागच्या खोलीत अभ्यासाचे टेबल अशी मांडणी असताना, तसा 43 इंची टीव्ही टेबलावर ठेवलेला मी पाहिला आहे. मुलगा जेमतेम दोन फुटांवर बसला होता. वरच्या डाव्या कोपऱ्यातला छोटा नकाशा पाहायला त्याला दर वेळी मान वळवावी लागत होती, आणि तेवढ्या वेळात मधल्या नेमाच्या खुणेवरून त्याची नजर पूर्ण सुटत होती. 60 सेंटीमीटरवर हा टीव्ही 77 अंश व्यापतो, आणि डोळ्याची खरी तीक्ष्ण नजर मध्यभागी साधारण 2 अंशांपुरतीच असते. त्यातच मागाच्या खडखडाटात त्याला शत्रूच्या पावलांचा आवाज ऐकू येत नव्हता. या खेळांत शत्रू पुष्कळदा दिसण्याआधी ऐकू येतो, त्यामुळे त्या घरात कानावर नीट बसणाऱ्या हेडफोनचा टीव्हीपेक्षा जास्त उपयोग झाला असता.

मैदानाचा जास्त भाग दिसतो, हे विधान तर सरळ चुकीचे आहे. किती भाग दिसावा हे खेळातले दृष्टिक्षेत्र ठरवते. व्हॅलोरंटमध्ये ते आडव्या दिशेने 103 अंशांवर कायम केलेले आहे. 24 इंचांवर जे दिसते तेच 55 इंचांवर दिसते, एक दरवाजाही जास्त नाही. फरक पडतो तो स्क्रीनच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणाने. बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ खेळणारी मुले ज्याला 'आयपॅड व्ह्यू' म्हणतात, त्यात चौकोनाकडे झुकणाऱ्या स्क्रीनमुळे वर-खाली जास्त दिसते, आणि हा लाभ खरा आहे. पण तो प्रमाणाचा आहे, इंचांचा नव्हे. उलट काउंटर-स्ट्राइकचे कितीतरी व्यावसायिक खेळाडू 1280 गुणिले 960 असे 4:3 चित्र मुद्दाम ताणून वापरतात, म्हणजे कडेचा भाग जाणूनबुजून सोडतात, जेणेकरून समोरचा शत्रू रुंद दिसावा.

सेन्सिटिव्हिटीचा मुद्दा थोडक्यात संपतो. या खेळांत माऊस स्क्रीनवरचे अंतर कापत नाही, तो खेळाडूला अंशांत वळवतो. 800 डीपीआयचा (इंचभर सरकल्यावर 800 टप्पे मोजणारा) माऊस आणि व्हॅलोरंटमधली 0.4 सेन्सिटिव्हिटी असेल, तर पूर्ण गिरकी घ्यायला माऊस सुमारे 41 सेंटीमीटर सरकवावा लागतो, मग समोर मॉनिटर असो की भिंतभर प्रोजेक्टर. टीव्ही आणला म्हणून हाताला बसलेली सवय मोडण्याचे काहीच कारण नाही.

सर्वांत नुकसान करणारे विधान म्हणजे टीव्ही आणि मॉनिटर यांत फरक उरलेला नाही, हे. एचडीएमआयची तार दोन्हींना लागते एवढेच साम्य आहे. टीव्ही आलेले चित्र लगेच दाखवत नाही. तो रंग खुलवतो, चित्रातला दाणेदारपणा पुसतो आणि हालचाल गुळगुळीत करण्यासाठी दोन फ्रेमच्या (एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांच्या) मध्ये स्वतः तयार केलेली फ्रेम घालतो. मधली फ्रेम तयार करायची तर पुढची फ्रेम हातात येईपर्यंत थांबावेच लागते, आणि 60 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 60 चित्रे दाखवताना, एक फ्रेम म्हणजे 16.7 मिलिसेकंद. असे एकेक टप्पे जमत जाऊन सिनेमासाठीच्या मोडमध्ये हा इनपुट लॅग, म्हणजे आलेले चित्र स्क्रीनवर उमटायला होणारा उशीर, 50 ते 100 मिलिसेकंदांपर्यंत सहज जातो. व्हॅलोरंटमध्ये रायफल हातात घेऊन धावणारा खेळाडू सेकंदाला 5.4 मीटर जातो. 80 मिलिसेकंदांत तो 43 सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. तुम्ही ज्या डोक्यावर नेम धरता, ते तिथून केव्हाच निघून गेलेले असते, आणि मुलगा दोष देतो तो इंटरनेटच्या पिंगला (जोडणीतल्या उशिराला) किंवा स्वतःच्या हाताला. हे मला फार लागते, कारण मेहनत करणारी मुले यामुळे उगाच स्वतःला कमी समजू लागतात.

टीव्ही आधीच घरात असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड सुरू करावा. त्यात यातली बरीच प्रक्रिया बंद होते आणि लॅग बराच उतरतो. खात्री करायची असेल, तर मोबाइलचा 240 फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ पुरतो. माऊसचे बटण आणि स्क्रीन एकाच चौकटीत घेऊन गोळी झाडावी, आणि बटण दाबल्यापासून बंदुकीच्या तोंडाशी ज्वाला दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजाव्यात. प्रत्येक फ्रेम सुमारे 4.2 मिलिसेकंदांची. संगणकाचा स्वतःचा वेळही त्यात येतो, म्हणून एकाच संगणकाला आधी टीव्ही आणि मग मित्राचा मॉनिटर जोडून दोन्ही आकडे शेजारी मांडावेत. शिवाय साधा टीव्ही 60 हर्ट्झवर थांबतो, तर 144 हर्ट्झचा मॉनिटर दर 6.9 मिलिसेकंदांनी नवे चित्र देतो. दाराआडून अर्धे शरीर बाहेर काढणारा शत्रू या फरकानेच आधी दिसतो.

डोळ्यांबद्दल एवढेच की, ताण येतो तो एकाच जवळच्या अंतरावर तासन्‌तास टक लावल्याने. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवर 20 सेकंद पाहण्याचा सल्ला मॉनिटरला आणि टीव्हीला सारखाच लागू आहे. मोबाइल फार जवळ धरला जातो हे खरे आहे, आणि त्यावर खेळताना अंगठ्यांखाली स्क्रीनचा मोठा भाग झाकला जातो हेही खरे. तिथे मोठी स्क्रीन निश्चित उपयोगी पडते.

राहिला प्रश्न व्यावसायिक खेळाडूंचा. टेबलावर जागा नसल्याने ते 24-25 इंची मॉनिटर वापरत असतील, तर मग घरी सराव करताना, जिथे जागेची अडचण नाही, तिथेही ते तेच माप का ठेवतात? ते स्क्रीनच्या इतके जवळ बसतात की त्यांना हवा तेवढा मोठा शत्रू मिळतो आणि सगळी स्क्रीन मान न हलवता नजरेत राहते. मोठ्या मापाच्या बाजूने एक दाखला मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवा: ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने 2022 साली 27 इंची 1440पी (फुल एचडीपेक्षा जास्त पिक्सेलचा) मॉनिटर पुढे आणताना, 25 इंची फुल एचडीच्या तुलनेत लहान लक्ष्यांवरचा नेम 3 टक्क्यांपर्यंत सुधारतो, असे सांगितले होते. तो दावा मॉनिटर विकणाऱ्यांच्याच बाजूने आलेला आहे, त्यात इंचांबरोबर पिक्सेलही वाढले होते, आणि दोन्हीकडे 360 हर्ट्झचे वेगवान मॉनिटर होते. तेव्हा भिंतीवरच्या 60 हर्ट्झ टीव्हीच्या समर्थनार्थ तो पुढे करता येत नाही.