खिळा ठोकण्यास मनाई आहे

आमच्या घरात वर्ष अकरा महिन्यांचे असते. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिने मोजणारे लोक स्वतःच्या घरात राहत असावेत. आम्ही लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे भाड्याच्या, करारात राहतो, आणि तो करार अकरा महिन्यांचा असल्यामुळे आमचा वर्षारंभ दर खेपेस एक महिना अलीकडे सरकतो. नोव्हेंबर 2018 मध्ये पहिला करार झाला तेव्हा आमचे नवे वर्ष दिवाळीला लागून आले होते. दुसरे दसऱ्याला आले, तिसरे नेमके पितृपक्षात सापडले, आणि असे मागे मागे येत यंदाचे आठवे वर्ष गुढीपाडव्याच्या आसपास सुरू झाले, तेव्हा आई म्हणाली, "चला, एकदाचे वर्ष वर्षाच्या जागी आले. आता घरही येईल."

पुनर्विकासाला दिलेले आमचे घर अजून आलेले नाही. प्रत्येक करारातले एक कलम मात्र आता मला गणपतीच्या आरतीसारखे पाठ झाले आहे. परवानाधारकाने सदर जागेच्या भिंतींस खिळे ठोकू नयेत. आठ करार, चार घरे, तीन घरमालक. भाडे बदलले, अनामत रक्कम बदलली, पण खिळ्यांविषयी सर्व घरमालकांचे मत एकच राहिले. त्यामुळे वडिलांची तसबीर गेली सात वर्षे फ्रिजवर टेकून उभी आहे, आणि फ्रिजचे दार जोरात लावले की ते आमच्याकडे पाठ फिरवतात.

मूळ घर अंधेरी पूर्वेला होते. इमारत 1971 सालची. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, सोळा बिऱ्हाडे आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीलगत उगवलेला एक पिंपळ, ज्याचा त्या जागेवरील ताबा आम्हा सर्वांपेक्षा भक्कम होता. पावसाळ्यात जिन्याच्या छताचे पोपडे पडत आणि आम्ही छत्री घेऊन इमारतीच्या आत शिरत असू. 2014 साली सर्वसाधारण सभेत पुनर्विकास हा शब्द प्रथम उच्चारला गेला, आणि त्या क्षणापासून गळक्या इमारतीतील सोळाही कुटुंबे मनाने टॉवरमध्ये राहायला गेली. पहिल्या सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी नव्या घरात देवघराला ईशान्य दिशाच हवी असे सांगितले, तर खजिनदारांनी, ज्यांच्याकडे सायकलही नव्हती, दोन गाड्यांचे पार्किंग मागितले. बिल्डर कोण, हा प्रश्न तेव्हा अगदीच गौण होता.

आमचे गाडे अडले ते गणपूर्तीवर. गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासाबाबत शासनाने जानेवारी 2009 मध्ये जे निर्देश काढले होते, त्यानुसार बिल्डर निवडण्याच्या सभेला तीन चतुर्थांश सभासद हजर असणे आवश्यक होते. सोळाचे तीन चतुर्थांश म्हणजे बारा, आणि आमच्या सभेला दर वेळी मोजून अकरा जण येत. चौघे बाहेरगावी स्थायिक होते. बारावे डोके होते ते तळमजल्यावरच्या आजोबांचे, आणि त्यांनी अंगणात लावलेल्या सोनचाफ्याला पुनर्विकासात किती चौरस फूट मिळणार, याचे लेखी उत्तर मिळाल्याशिवाय ते सभेस येणार नव्हते. त्यांचे मन वळवण्यासाठी आम्ही दीड वर्ष आळीपाळीने त्यांच्या घरी चहा प्यायलो. अखेर ते आले, बारा डोकी भरली, बिल्डर ठरला, करार झाला, आम्ही घरे रिकामी केली. त्यानंतर आठ महिन्यांनी, जुलै 2019 मध्ये, शासनाने सुधारित निर्देश काढून गणपूर्तीची अट दोन तृतीयांशावर आणली. सोळाचे दोन तृतीयांश म्हणजे अकरा. तो शासन निर्णय आजोबांनी भाड्याच्या घरात मोठ्या अक्षरांत छापून घेतला आणि आम्हा सर्वांना एकेक प्रत पाठवली.

कराराप्रमाणे 412 चौरस फुटांच्या जागी 560 चौरस फूट कार्पेट, शिवाय महिन्याचे भाडे, दलाली, सामान हलवण्याचा खर्च आणि कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे असे सारे मिळणार होते. मुदत होती 36 महिन्यांची. हे ऐकून माझ्या मेहुण्याने "त्यात दोन वर्षे घालून धर" असा सल्ला दिला होता, तेव्हा मला तो निराशावादी वाटला होता. आज मला तो भाबडा वाटतो.

खरे तर या शहरात राहून मी सावध असायला हवे होते. 2014 ते 2034 या वीस वर्षांसाठी केलेला मुंबईचा विकास आराखडा 2018 साली लागू झाला. म्हणजे भविष्याचा आराखडा हाती आला तेव्हा त्या भविष्यातील चार वर्षे भूतकाळात जमा झालेली होती. आमच्या डोळ्यांदेखत झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोची पायाभरणी 2006 मध्ये झाली आणि 11.4 किलोमीटरच्या त्या मार्गावर गाडी धावली ती 2014 मध्ये. त्या आठ वर्षांत पत्र्यांच्या आडून रस्ता शोधत आम्ही ऑफिसला गेलो. तरीही स्वतःच्या घराची गोष्ट निघाली की माणूस "आपले तसे होणार नाही" असे म्हणतो. लग्न ठरवतानाही तो हेच म्हणतो, असे सौभाग्यवतींचे मत आहे.

आमचे काम नेमके कशाने अडले, हे मला कळायला दोन वर्षे लागली आणि ते सौभाग्यवतींना समजावायला आणखी एक. आधी विमानतळाच्या उंचीचे ना हरकत प्रमाणपत्र यायचे होते. विमाने उतरण्याच्या वाटेत, म्हणजे फनेल झोनमध्ये येणाऱ्या इमारतींची उंची जमिनीपासून नव्हे, तर समुद्रसपाटीपासून मोजली जाते, हे ज्ञान मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी झाले. महाबळेश्वरला लावावे असे माप आपल्या गच्चीला लागते, याचा आईला विलक्षण अभिमान वाटला. मग आयओडी, म्हणजे आराखड्याला सशर्त मंजुरी, आली. मग सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगी, आली, पण ती फक्त प्लिंथपर्यंतची, म्हणजे जोत्यापर्यंतची. प्लिंथ बांधून तिची तपासणी झाली की पुढची सीसी मिळते. म्हणजे पंगतीत आधी नुसते मीठ वाढायचे आणि ते योग्य जागी वाढले आहे याची खातरजमा झाल्यावर वरणभाताचा अर्ज करायचा, असा तो प्रकार आहे.

तरीही मी सरकारी कागदांना फार दोष देणार नाही, कारण उशिरा का होईना, ते सगळे आले. न आला तो पैसा. पुनर्विकासाचे गणित असे असते की जुन्या रहिवाशांना घरे फुकट मिळतात आणि त्यांचा खर्च, आमच्या भाड्यासकट, वाढीव एफएसआयमधून, म्हणजे त्याच जमिनीवर मिळालेल्या जादा बांधकामाच्या परवानगीतून, बांधलेल्या विक्रीच्या फ्लॅटांतून निघतो. हे फ्लॅट विकले गेले नाहीत, किंवा विकले जाऊन त्यांचा पैसा दुसऱ्याच साइटवर गेला, तर आमचे घर जेथल्या तेथे थांबते. माझ्या स्वयंपाकघराचा सिमेंटचा वाटा आज कुठल्या उपनगरातील कोणाच्या बाल्कनीत बसला आहे, हे शोधण्याचे साधन माझ्याकडे नाही. 2022 च्या जुलैपासून भाड्याचे धनादेश येणे बंद झाले. त्याआधी काही महिने ते येत असत, परंतु वटत नसत. सौभाग्यवती त्यांना शुभेच्छापत्रे म्हणत.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे: नारळांच्या बाबतीत कधीही कुचराई झाली नाही. करारावर सह्या झाल्या तेव्हा एक, जुनी इमारत पाडताना एक, भूमिपूजनाला एक, प्लिंथला एक, पहिल्या स्लॅबला एक, आणि नंतर काम दोनदा "नव्या जोमाने" सुरू झाले त्याचे दोन. सध्या स्लॅब पाच आहेत आणि नारळ सात. मला राग येतो तो उशिराचा नव्हे. "होणार नाही" असे कोणी स्पष्ट सांगितले असते, तर मी एखादे बरे घर पाहून, मालकाचे पाय धरून, एका खिळ्याची परवानगी मिळवली असती. पण दर वेळी पेढा हातावर ठेवून एक नवी तारीख दिली जाते, आणि पेढा खाल्लेला माणूस भांडू शकत नाही.

दरम्यान आम्ही राहायला पश्चिमेला गेलो होतो, कारण तेथे मुलाचे कॉलेज होते. पूर्वेकडची आमची अर्धवट इमारत पाहायला दर रविवारी अंधेरीचे पूर्व-पश्चिम भाग जोडणाऱ्या गोखले पुलावरून रिक्षाने जाण्याचा परिपाठ होता. 3 जुलै 2018 रोजी, म्हणजे आम्ही घर सोडण्याच्या चार महिने आधी, याच पुलाचा पादचारी भाग रेल्वेमार्गावर कोसळला होता, आणि 7 नोव्हेंबर 2022 पासून तो सर्व वाहनांसाठी बंद झाला. मग आमचा मार्ग अंधेरी सबवेतून जाऊ लागला. पहिल्या मोठ्या सरीनंतर त्या सबवेचा तलाव होतो. तसा तो झाला की आम्ही पार्ल्यापर्यंत खाली जाऊन कॅप्टन गोरे उड्डाणपुलावरून वर येत असू. जे घर नाही ते पाहण्यासाठी, जो पूल नाही त्याला वळसा घालून जाताना रिक्षाच्या मीटरकडे बघणे हा मोठा वैराग्यदायी अनुभव असतो.

26 फेब्रुवारी 2024 रोजी नव्या पुलाची एक बाजू खुली झाली आणि आम्ही घाईघाईने ती पाहायला गेलो. रेल्वेमार्गावरील पुलांच्या उंचीचे निकष मधल्या काळात बदलल्यामुळे नवा पूल जुन्यापेक्षा उंच झाला होता, आणि त्याला येऊन मिळणारा बर्फीवाला उड्डाणपूल जुन्याच उंचीवर राहिला होता. दोघांच्या मध्ये चांगले पुरुषभर अंतर. एकाच कुटुंबातला एक भाऊ परदेशी जाऊन श्रीमंत व्हावा आणि दुसऱ्याने गावीच राहावे, तसे ते दोन पूल एकमेकांकडे पाहत उभे होते. सारी मुंबई त्यावर हसली. मला हसू आले नाही. आमच्या सोसायटीच्या सभेत आमच्या अपेक्षा आणि बिल्डरचा स्लॅब नेमके असेच उभे असतात. पुढे बर्फीवाला पूल जॅक लावून उचलला गेला, जुलै 2024 मध्ये दोघांची भेट झाली, आणि मे 2025 मध्ये पुलाची दुसरी बाजूही सुरू झाली. थोडक्यात, आमच्या मागून पडलेला पूल आमच्याआधी उभा राहिला.

पुलाचे एक वेळ सोडून द्या. आमचे पहिले भाड्याचे घर ज्या इमारतीत होते, ती इमारत आम्ही तेथे अकरा महिने काढल्यावर स्वतःच पुनर्विकासाला गेली. घरमालकांनी फार संकोचाने ती बातमी दिली आणि मी त्यांना अनुभवी माणसाच्या पोक्त स्वरात धीर दिला. "सामान आणि आशा, दोन्ही नीट बांधून ठेवा," असे मी म्हणालो होतो. ती इमारत पडली, उठली, रंगली आणि तिला ओसी, म्हणजे राहायला जाण्याचा दाखलाही, मिळाली. मालकांना नव्या इमारतीत मुलासाठी घेतलेला जास्तीचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता, आणि आमचा आठवा करार त्याच घराचा आहे. सह्या करताना त्यांनी मला "तुमचे कुठवर आले?" असे विचारले नाही, यावरून ते किती सुसंस्कृत गृहस्थ आहेत हे कळावे. खिळ्यांचे कलम मात्र त्यांनी ठेवले; भिंती आता नव्या आहेत ना.

या सर्व घरांतून आमच्याबरोबर 23 खोकी फिरत आहेत. घर सोडताना त्यांवर सौभाग्यवतींनी जाड पेनाने "नव्या घरी गेल्यावर उघडणे" असे लिहिले, आणि आत काय आहे ते लिहायचे राहून गेले. आता घरात न सापडणारी प्रत्येक वस्तू खोक्यांत असल्याचे मानले जाते. पुरणयंत्र खोक्यांत आहे. माझे दहावीचे प्रमाणपत्र खोक्यांत आहे. मुलाने आठवीत असताना हरवलेले कंपासही खोक्यांतच आहे, असे तो ठामपणे सांगतो, आणि आता तो नोकरीला लागला आहे. मी एकदा एक खोके उघडण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा आईने "अपशकुन करू नकोस" असे म्हणून तो फेटाळला. दोन खोक्यांवर पाट टाकून आम्ही दिवाण केला आहे; पाहुणे त्यावर बसतात आणि दिवाण छान आहे, कुठून घेतला, असे विचारतात.

यंदा दसऱ्याला आपट्याची पाने घेऊन मी एकटाच साइटवर गेलो. पत्र्याच्या फाटकापाशी रखवालदाराने मला अडवून "कोणाकडे जायचंय?" असे विचारले. या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला जरा वेळ लागला.

"चौथ्या मजल्यावर," मी म्हणालो.

"मग या की साहेब, आमच्याकडंच आलात," तो म्हणाला.

तो जालन्याकडचा होता. त्याचा पगारही पाच महिने थकला होता, आणि त्या बदल्यात त्याने कुटुंबासह चौथ्या मजल्यावर मुक्काम हलवला होता, कारण तेथे वारा चांगला येतो आणि डास कमी असतात. कठडा नसलेल्या जिन्याने मी भिंत धरून वर गेलो. पाचवा स्लॅब म्हणजे आमचे छत. ते पूर्ण झालेले मी प्रथमच आतून पाहत होतो. आमच्या बैठकीच्या खोलीत दोरीवर लुगडी वाळत होती, स्वयंपाकघराच्या जागी, वहिनींनी देवघरासाठी मागितलेल्या ईशान्येला, चूल मांडलेली होती, आणि त्याची दोन लेकरे माझ्या 560 चौरस फुटांत मनसोक्त पळत होती. बायकोने चहा टाकला. "बसा साहेब, आपलंच घर हाय," असे तो म्हणाला, तेव्हा त्यात कोणताही विनोद त्याला अभिप्रेत नव्हता.

प्लास्टर नसलेल्या विटांच्या भिंतीवर एक कॅलेंडर लटकत होते. मी उठून जवळ गेलो आणि ते हळूच बाजूला केले. चांगला तीन इंची खिळा होता, सरळ ठोकलेला, जराही न हलणारा.

"हा कोणाला विचारून ठोकलास?" मी विचारले.

"विचारायचं कुणाला?" तो गोंधळून म्हणाला. "काढू का?"

मी नको म्हणालो, चहा प्यायलो, सोने दिले आणि त्याच्याजवळ असा आणखी एखादा खिळा आहे का, याची चौकशी केली. पुढच्या रविवारी नव्या पुलावरून पंधरा मिनिटांत पोहोचलो. रिक्षात मांडीवर वडिलांची तसबीर होती.