म्बिरा, भुतं आणि स्टेला चिवेशे: एका फिरत्या दाव्याचा समाचार

झिम्बाब्वेच्या म्बिरावादक स्टेला चिवेशे (१९४६–२०२३) यांचा विषय निघाला की एक ठरावीक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. थोडक्यात तो असा: म्बिरा (लाकडी फळीवर बसवलेल्या धातूच्या पट्ट्या बोटांनी छेडून वाजवायचं वाद्य) हे भुतं उतरवायचं वाद्य आहे, तसं ते दोन अंगठ्यांचं खेळणंच, शिकायला चार दिवस पुरेत, झिम्बाब्वेतल्या बहुसंख्य शोना लोकांच्या धर्मात बायकांना ते पहिल्यापासून वर्ज्य, वाद्याची बदनामी झाली ती इंग्रजांनी कायद्यानं बंदी घातली म्हणून, आणि या बाईंनी पितरांचा धर्म धरला तो युरोपात पैसा दिसला म्हणून. यातलं काही सपशेल खोटं आहे, काही अर्धवट. एकेक घेऊ.

"म्बिरा वाजला की भूत येतं"

शोना धर्मात सर्वांत वर म्वारी, म्हणजे ईश्वर. त्याच्याकडे गाऱ्हाणं पोचवतात ते घराण्याचे पितर, वाद्झिमू. अख्ख्या मुलखाची आणि पावसापाण्याची काळजी वाहणारे थोर पूर्वज वेगळे, ते म्होन्दोरो. सूड घ्यायला येणारा आत्मा आणखी वेगळा. त्याला न्गोझी म्हणतात, आणि त्याला शांत करायचं तर ज्या घरावर अन्याय झाला त्या घराला भरपाई द्यावी लागते, बहुधा गुरं. तिथे म्बिरा वाजवून भागत नाही. फिरत्या मजकुरात या सगळ्यांना एकाच पोत्यात कोंबलेलं असतं.

पितरांना बोलावण्याचा विधी म्हणजे बिरा. आपल्याकडच्या जागरणासारखा रात्रभर चालणारा, घरच्या माणसांनी घरासाठी केलेला. त्याची तयारी आठवडाभर आधी सुरू होते, कारण नाचणीची बिअर लागते. नाचणी भिजवून मोड आणायचे, वाळवून दळायची, पाण्यात शिजवायची, निववून आंबवायची. सगळं मिळून साधारण सात दिवस. विधी बहुतेक वेळा गोल स्वयंपाकघरात होतो. दाराच्या समोरच्या भिंतीला मातीची बैठक असते, चिकुवा. मडकी तिथे असतात आणि पितरांची जागाही तीच मानतात. आत येताना पायातलं काढायचं, घड्याळ काढायचं.

वादक किमान दोन, सोबत होशो म्हणजे बिया भरलेल्या भोपळ्यांच्या खुळखुळ्यांची जोडी, टाळ्या आणि गाणारं अख्खं घर. ज्याला बोलवायचं त्या पूर्वजाला जिवंतपणी जी रचना आवडायची ती वाजवतात. तो ज्याच्या अंगात येतो ते माध्यम म्हणजे स्विकिरो. तो आला की स्विकिरोला काळं-पांढरं वस्त्र आणि तपकीर देतात, वाद्यं थांबतात, आणि मग बोलणं सुरू होतं: आजारपण, भाऊबंदकी, अडलेलं लग्न. बराच वेळ कोणी आलंच नाही तर रचना बदलतात, होशो चढवतात, गाणाऱ्यांना आवाज वाढवायला सांगतात. कधी पहाट होते तरी कोणी येत नाही आणि पुन्हा बिरा ठरवावा लागतो. नोव्हेंबर महिन्यात तर हे विधी वर्ज्यच असतात.

वाद्य स्वतःच कोणाला ओढून आणत असतं तर यातलं काहीच लागलं नसतं. शिवाय हाच म्बिरा लग्नात आणि बिअरच्या बैठकीत निव्वळ करमणुकीसाठीही वाजतो, आणि तिथे कोणाच्या अंगात येईल अशी कोणाची अपेक्षा नसते.

"दोन अंगठ्यांचं खेळणं"

बाजारात पर्यटकांसाठी मिळणाऱ्या सात-आठ पट्ट्यांच्या खोक्याबद्दल हे म्हणा. स्टेला वाजवायच्या तो म्बिरा द्झा वाद्झिमू, म्हणजे पितरांचा म्बिरा. त्याला २२ ते २८ पट्ट्या असतात. डावीकडे वर-खाली दोन रांगा, उजवीकडे एक. फळी म्हणजे ग्वारिवा, ती मुब्वामारोपा नावाच्या झाडाच्या लाकडाची. डावा अंगठा डाव्या दोन्ही रांगा सांभाळतो, उजवा अंगठा वरून खाली दाबतो आणि उजवी तर्जनी खालून वर पट्टी उचलते. उजवी करंगळी फळीच्या भोकात अडकवून वाद्य तोलायचं. नवख्याची पहिली अडचण तर्जनी: नखाची कड झिजते, कातडी सोलवटते, आणि माणूस ती टाळून सगळं अंगठ्यावर ढकलतो. मग वरचे स्वर नेमके उशिरा पडतात.

पट्ट्या पूर्वी खनिजातून गाळलेल्या लोखंडाच्या असत. आता जाड तार, खिळे, सोफ्याच्या स्प्रिंगा ठोकून करतात. पट्टीचं मोकळं टोक आखूड केलं की स्वर चढतो, लांबवलं की उतरतो. बारीक फरकासाठी कानस लागते. टोकाशी घासलं तर स्वर चढतो, घोडीजवळ, म्हणजे पट्टी ज्या आधारावर टेकते तिथे, घासून पातळ केलं तर उतरतो. नवशिके हे उलट करतात आणि पट्टी वाया घालवतात. सगळ्यांनी मानलेली एकच स्वरजुळणी नसते. कारागिराप्रमाणे आणि घराण्याप्रमाणे स्वर बदलतात, त्यामुळे दोन वेगळ्या हातांचे म्बिरे शेजारी ठेवले तर सहसा जमत नाहीत.

फळीवर आणि ज्यात म्बिरा बसवतात त्या देझे नावाच्या भोपळ्यावर बाटल्यांची बुचं लावलेली असतात, पूर्वी शिंपले असत. त्यांची घरघर ऐकून बाहेरच्या माणसाला वाटतं काहीतरी सैल झालंय. ती मुद्दाम असते. ती नसेल तर जाणत्या कानाला स्वर उघडा-बोडका लागतो.

आता रचना. बहुतेक रचनांचं आवर्तन ४८ मात्रांचं, बारा-बाराचे चार भाग. एक वादक कुशाउरा म्हणजे मुख्य भाग धरतो, दुसरा कुत्सिन्हिरा म्हणजे त्यात गुंफणारा भाग, आणि अनेक रचनांत हा दुसरा पहिल्याच्या बरोबर एक मात्रा मागे असतो. चुकतं ते इथेच. दुसऱ्याचं बोट नकळत पहिल्याच्या मात्रेवर सरकतं, दोघं एकत्र पडतात, आणि दोघांच्या मधून जी तिसरी चाल ऐकू यायची ती जाते. ती दोघांपैकी कोणीच वाजवत नसतं. गाणारी माणसं तीच पकडून गातात, म्हणून ती गेली की गाणंही अडखळतं.

"बायकांना पहिल्यापासून वर्ज्य"

हे अर्धं खरं आहे. म्हणूनच ते फार पसरतं.

वाद्य हातात घेणारे बहुतांश पुरुष होते आणि मुलीला म्बिरा शिकवायला वडीलधारी तयार नसत, ही वस्तुस्थिती. मासिक पाळीचा विटाळही होताच. विधीची बिअर करायला पाळी गेलेल्या बायका किंवा पाळी न आलेल्या मुली हव्यात, असा नियम अनेक ठिकाणी आहे. पण त्याच नियमाची दुसरी बाजू बघा: बिअर बाईच्या हातची लागते. होशो वाजवण्यात, गाण्यात, नाचण्यात बायका असतात. आणि सर्वांत मोठं म्हणजे स्विकिरो बाई असू शकते. इंग्रजांविरुद्धच्या १८९६ च्या उठावाशी जिचं नाव कायमचं जोडलं गेलं ती चार्वे न्याकासिकाना ही नेहांडा या म्होन्दोरोची माध्यम होती. इंग्रजांनी तिला २७ एप्रिल १८९८ ला फाशी दिलं. ज्या धर्मात म्होन्दोरो बाईच्या तोंडून बोलतो तो धर्म बाईला 'वर्ज्य' मानतो, असं सरसकट म्हणता येत नाही. आडकाठी होती ती नेमक्या एका जागी: पट्ट्यांवरच्या बोटांना.

स्टेला तिथेच अडल्या. १९६६ ते १९७३ या काळात त्यांनी नात्यातल्या एका वडीलधाऱ्याकडून शिकून घेतलं. १९७४ मध्ये 'कासाह्वा' ही त्यांची पहिली तबकडी ध्वनिमुद्रित झाली तेव्हाही हातातला म्बिरा उसना होता. कारागिराप्रमाणे स्वर कसे बदलतात ते वर आलंच आहे. परक्या म्बिऱ्यावर गायचं म्हणजे गळा त्या वाद्याच्या स्वराला नेऊन बसवायचा. ती तबकडी जोरात खपली. ब्यूलर ड्योको याही त्याच पिढीतल्या. लांबलेल्या आजारपणामागे म्बिरा वाजवायची पितरांची मागणी आहे, असा अर्थ लावला गेला आणि त्या वादनाकडे वळल्या. म्हणजे बाईला अडवणारी माणसं आणि बाईला 'वाजव' म्हणणारे पितर, दोन्ही त्याच परंपरेतले. हा पेच मजकूर लिहिणाऱ्यांना गैरसोयीचा असावा.

"बदनामी झाली ती कायद्यामुळे"

ऱ्होडेशियात (झिम्बाब्वेचं इंग्रजांच्या काळातलं नाव) १८९९ मध्ये चेटूक प्रतिबंधक कायदा आला. त्यातले गुन्हे म्हणजे एखाद्याला चेटकी म्हणणं, चेटकी हुडकून काढणं, चेटूक करतो असं सांगणं. म्बिऱ्याचं नाव त्यात नाही. पण आत्म्यांशी बोलणारं कोणीही संशयाच्या घेऱ्यात आलं, आणि बिरा चोरून, रात्री, वस्तीपासून दूर करायची वेळ अनेक ठिकाणी आली. हे नाकारायचं कारण नाही. खरा घाव मात्र मिशनच्या शाळांनी घातला. शिक्षण आणि नोकरी तिथून जात होती, आणि तिथे म्बिरा म्हणजे सैतानाचं काम. १९३० च्या दशकात उभे राहिलेले योहाने मासोवे आणि योहाने मारांगे यांचे ख्रिस्ती पंथ तर आफ्रिकी माणसांनीच स्थापलेले. पितरांच्या वस्तूंबद्दल ते काही मिशनऱ्यांपेक्षा कडक. सगळं गोऱ्यांच्या माथी मारलं की हा भाग वगळला जातो.

१९८० मध्ये देश स्वतंत्र झाला तरी तो कायदा २००६ मध्ये बदलेपर्यंत साधारण तसाच होता. २५ मे २०२१ ला हरारेत नेहांडाचा पुतळा उभा राहिला, २०२० मध्ये म्बिरा घडवण्या-वाजवण्याच्या कलेला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. तरी रविवारी चर्चला जाणाऱ्या घरातल्या मुलीनं म्बिरा आणला तर कपाळाला आठ्या पडतातच.

(महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा या वादात कोणी ना कोणी ओढतं. तो फसवणूक आणि छळ यांच्यासाठी आहे; भजन-कीर्तनाला तो लागू नाही. 'अंगात येतं' एवढ्यावर झिम्बाब्वेच्या बाईला त्याच्या तराजूत घालणं हा निव्वळ आगाऊपणा.)

"युरोपातल्या पैशासाठी"

तारखा पाहिल्या तरी हे टिकत नाही. 'कासाह्वा'नंतरच्या सहा वर्षांत स्टेला यांच्या दोन डझन तबकड्या निघाल्या, त्या ऱ्होडेशियात आणि तिथल्याच शोना गिऱ्हाइकांसाठी. स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं, आणि पितरांची गाणी म्हणणाऱ्या बाईला गोऱ्यांच्या राजवटीकडून शाबासकी मिळण्यासारखी नव्हती. 'अर्थक्वेक' हा त्यांचा ताफा १९७९ चा. परदेशचे दौरे आणि तिथल्या ध्वनिमुद्रिका ऐंशीच्या दशकातल्या.

रंगमंचावर विधी विकला हा आरोप जरा गंभीरपणे घ्यायला हवा, कारण शोना वादकांमध्येही त्यावर एकमत नाही. पण मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. एका आवर्तनाला साधारण आठ सेकंद धरली तर वीस-बावीस आवर्तनांत सगळं आटपायचं. बिऱ्यात तेवढ्या वेळात वादकांची बोटंही मोकळी होत नाहीत. मंचावर नाचणीची बिअर नसते, चिकुवा नसतो, ज्याचं उत्तर हवं असा घरचा प्रश्न नसतो. विकली गेली ती रचना. १९८७ च्या 'अंबुया?' या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी म्बिऱ्याच्या जोडीला मारिम्बा (काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य) आणि लंडनच्या वादकांचा ठेका घेतला. त्यावर 'शुद्धता बिघडली' म्हणून जरूर भांडा. मारिम्ब्याच्या ठोक्याखाली म्बिऱ्याचा खालचा पदर काही ठिकाणी खरोखर दबतो.

राहता राहिलं जर्मनी. तिथे त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, लग्नही तिथल्या माणसाशी झालं. वारल्या मात्र त्या हरारेच्या कुवाद्झाना भागात, २० जानेवारी २०२३ ला.