विनंतीवरून सोडले

काल सकाळी माझ्या नावापुढे हा शेरा पडला: ‘विनंतीवरून सोडले.’ जसा काही मी चौकीत बसवून ठेवलेला भुरटा चोर! मुळात मी विनंती केलीच नव्हती. दोन्ही हातांत पिशव्या आणि दातांत किल्ली अशा अवस्थेत ‘काका, जरा साखळी काढता का?’ एवढंच बोललो होतो.

साखळी महिन्याभरापूर्वी आली. आमची गल्ली आपल्या खाजगी मालकीची आहे, असं तोंडाशी राहणाऱ्या काकांचं म्हणणं. ती सार्वजनिक आहे, असं बाकी सगळ्यांचं. काका अडवत असते तर सोपं होतं, चार शब्द सुनावता आले असते. पण काका अडवत नाहीत. खुर्ची टाकून बसतात, माणूस दिसला की उठतात, हसून साखळी काढतात आणि मोठ्यांदा म्हणतात, “या, या! माझी परवानगी आहे!” मग वही पुढे करतात. शाळेची आखीव वही, सुतळीने बांधलेलं पेन आणि रकाने चार: तारीख, वेळ, नाव, शेरा.

“काका, मी अठरा वर्षं या वाटेनं जातोय. परवानगी कसली?”

“म्हणूनच तर देतोय! वीस झाली की तुम्हाला हक्क मागता येईल. त्याआधीच देऊन टाकलेली बरी.”

“आणि नको असली तर?”

“नको कशी? प्रेमानं देतोय. सही इथं करा. रेघेच्या वर.”

काकांचं वाचन दांडगं आहे. न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर प्लाझा नावाचा एक खाजगी रस्ता आहे. त्याच्या मालकांनी, तो लोकांचा होऊ नये म्हणून, वर्षातून एक दिवस तो बंद ठेवायची प्रथा पाडली, हे त्यांनी मला साखळी हातात धरून, माझ्या पिशव्यांचे बंद बोटांत रुतत असताना, सविस्तर सांगितलं. “ते एकच दिवस बंद करतात. मी तर तुम्हाला रोज सोडतो!” यावर आभार मानावेत अशी त्यांची अपेक्षा होती. मी मानलेही. तेही बहुधा वहीत गेलं असणार.

संध्याकाळी वकील मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, “दाजी, १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून जाण्यायेण्यासारख्या हक्कांचा. शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून, खंड न पडता वीस वर्षं वापर हवा. तुम्ही काकांना कधी ‘येऊ का’ वगैरे म्हणाला नव्हता ना?”

रोज म्हणायचो. घरच्यांनी तसंच वळण लावलंय. मान खाली घालून बेमुर्वत चालत गेलो असतो, तर आज हक्कदार ठरलो असतो. बरं, रात्री गुपचूप जावं तर ते उघडपणे होत नाही आणि साखळी तोडावी तर ते शांतपणे होत नाही. वाटेतला अडथळा काढून देणारा १९०६ चा मामलतदार कोर्ट कायदा विचारला, तर ती सोय शेतजमिनीच्या वाटेला. माझ्या वाटेच्या शेवटी शेत नाही, मी आहे.

राहिला गावचा नकाशा. त्यात दोन तुटक रेषा असल्या तर गाडीरस्ता, एक असली तर पाऊलवाट. कार्यालयातल्या प्रतीत आमच्या गल्लीवर नेमकी नकाशाची घडी आलीय. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, “रेघ आहे की घडी आहे, सांगता येत नाही.” याच गल्लीत खड्डा पडला तेव्हा ‘खाजगी आहे, आमच्याकडे येत नाही’ असं लेखी उत्तर आलं होतं आणि कडेला लावलेल्या गाडीचा दंड भरताना मात्र ती सार्वजनिक होती. तेव्हा कुणालाही घडी आडवी आली नव्हती. पाऊस आला की त्या खड्ड्यात घोटाभर पाणी साचतं आणि आम्ही त्यातून जातो, परवानगीने.

आज सकाळी मात्र ठरवून निघालो. विचारायचं नाही, थांबायचं नाही, सही तर नाहीच. काका उठायच्या आत एक टांग साखळीपलीकडे टाकली. दुसरी टाकताना पायजमा खांबाच्या आकड्यात अडकला आणि मी खाजगी-सार्वजनिकच्या बरोबर मध्ये एका पायावर नाचू लागलो. काकांनी धावत येऊन पायजमा सोडवला, मला पलीकडे उभं केलं आणि चष्मा लावून वही उघडली.

शेरा: ‘उडी मारून. परवानगीने.’