‘उरलेलं अन्न वाटलं तर तुरुंग’: हा मेसेज पुढे पाठवू नका

लग्नसराई लागली की मराठवाड्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा असतो: ‘सावधान! उरलेलं अन्न वाटणं आता कायद्याने गुन्हा आहे. चौकात सार्वजनिक फ्रिज ठेवायला परवानगी मिळत नाही. कुणाला विषबाधा झाली की देणारा थेट तुरुंगात. शिळ्यानेच माणसं मरतात. अन्न उरलं तर 1098 ला फोन करा, ते येऊन घेऊन जातील.’

हे वाचून चांगली माणसं घाबरतात. कार्यालयाच्या मागे पातेलंभर वरण आणि दोन घमेली भात उपडा होतो, आणि समोरच्या रस्त्यावर ऊसतोडीहून परतलेलं कुटुंब उपाशी झोपतं. म्हणून एकेका वाक्याला उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

वाटणं गुन्हा आहे, हे धडधडीत खोटं आहे. 2006 च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यात अन्न वाटण्यावर बंदी नाही. उलट, हॉटेलं, केटरर यांच्याकडचं चांगलं उरलेलं अन्न गरजूंपर्यंत पोचावं म्हणून त्याच कायद्याखाली 2019 मध्ये वेगळे नियम केले गेले आणि ते 1 जुलै 2020 पासून लागू झाले. अन्न खाण्यालायक असावं, ते वेगळं आणि झाकून ठेवावं, कधी शिजवलं ते लिहावं, कुणाकडून आलं आणि कुठे गेलं याची नोंद ठेवावी, असा त्यांचा रोख आहे. ज्या गोष्टीसाठी सरकार नियम लिहितं ती गोष्टच गुन्हा कशी असेल?

आणि आपल्या भागात हे नवीनही नाही. नांदेडच्या हुजूर साहिबच्या लंगरमध्ये येईल त्याला जेवण मिळतं. सप्ताहाच्या काल्याला अख्खं गाव जेवतं. छत्रपती संभाजीनगरात बायजीपुरा भागात डिसेंबर 2015 मध्ये रोटी बँक सुरू झाली: सभासदांनी घरची ताजी पोळी-भाजी आणून द्यायची, लागेल त्याने घेऊन जायची. सार्वजनिक फ्रिज, म्हणजे ज्यात कुणीही अन्न ठेवावं आणि लागेल त्याने घेऊन जावं, हे याचंच पुढचं रूप. कोचीत 2016 मध्ये आणि चेन्नईत 2017 मध्ये असे फ्रिज रस्त्याकडेला उभे राहिले.

परवानगीबद्दल मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे आपलेही लोक चुकतात. ‘आम्ही पैसे घेत नाही, मग आम्हाला कसला कायदा’ असं अनेक मंडळं म्हणतात. कायद्याच्या व्याख्येत अन्नव्यवसाय नफ्यासाठी असो वा नसो, तो व्यवसायच धरला आहे. शेजारी पुरणपोळीचं ताट पाठवणाऱ्या मावशींना कुणी व्यावसायिक म्हणणार नाही, पण रोज चालणारा फ्रिज हा चालवलेला उपक्रम आहे आणि त्याची नोंदणी करावी. ती अवघड नाही. 2011 च्या परवाना व नोंदणी नियमांत धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारे, केटरर सोडून, लहान व्यावसायिकांच्या गटात आहेत, आणि त्या नोंदणीचं शुल्क तिथे वर्षाला 100 रुपये ठेवलं होतं.

तुरुंगाची भीती अर्धी खरी आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. असुरक्षित अन्न साठवणं, विकणं, वाटणं यासाठी कलम 59 खाली शिक्षा आहे. झालेल्या इजेप्रमाणे ती चढत जाते, मृत्यू झाल्यास सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. पण हे कलम फुकट देणाऱ्यासाठी खास बनवलेलं नाही, पैसे घेणाऱ्या हॉटेलवाल्यालाही तेच लागू आहे, आणि त्याने काही हॉटेल बंद केलेलं नाही. शिवाय कलम 80 मध्ये बचाव आहे: सगळी वाजवी खबरदारी आणि काळजी घेतली हे दाखवता आलं तर तो ग्राह्य धरला जातो. म्हणजे फ्रिजशेजारची नोंदवही हाच तुमचा पुरावा. अमेरिकेत 1996 पासून सद्भावनेने अन्न देणाऱ्याला संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा आहे. तितकं स्पष्ट कलम आपल्याकडेही हवं, आणि ते मागायला हवं. गटागटांत फिरवायचीच असेल तर ही मागणी फिरवा.

‘शिळ्यानेच माणसं मरतात’ याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यांत आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये नांदेडच्या लोहा तालुक्यात धार्मिक कार्यक्रमातल्या महाप्रसादाने दोन हजारांच्या आसपास लोक आजारी पडले. ते कुणाचं उरलेलं नव्हतं. एकादशी, महाशिवरात्रीला भगरीतून होणाऱ्या विषबाधाही दरवर्षीच्या. दमट जागी ठेवलेल्या भगरीवर बुरशी धरते, म्हणून सुटं पीठ घेऊ नका असं अन्न व औषध प्रशासन सांगत असतं. म्हणजे दोष कच्च्या मालात, पाण्यात, वेळेत आणि तापमानात असतो. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, थंड ठेवायचं तर 5 अंशांखाली, गरम ठेवायचं तर 60 च्या वर.

मे महिन्यात परभणीला पारा 42 च्या पुढे जातो तेव्हा दोन तासही मला जास्त वाटतात. दुपारी बाराला शिजलेला भात रात्री फ्रिजमध्ये आला तर घ्यायचा नाही. मोठ्या पातेल्यातला भात आत तासन्‌तास कोमट राहतो आणि त्यात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. मठ्ठा, पनीर, मटण यांना सार्वजनिक फ्रिजमध्ये जागा नको. पोळ्या, बुंदी, जिलेबी, फळं, बंद पाकिटं बिनधास्त. आणि वीज गेली तर दार उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. त्यापेक्षा जास्त वीज गेली तर नाशवंत अन्न काढून टाका, हळहळ वाटली तरी.

1098 चं खोटं तर वर्षानुवर्षांचं. तो संकटातल्या मुलांसाठीचा क्रमांक आहे, 1996 मध्ये मुंबईत सुरू झालेला. अन्न न्यायला तिथून कुणी येत नाही, हे तो क्रमांक तेव्हा चालवणाऱ्या चाइल्डलाइन संस्थेने स्वतः सांगून झालं आहे. तुमच्या बुंदीसाठीच्या फोनमुळे एखाद्या पोराचा फोन लागायचा राहू शकतो.

आणखी एक आक्षेप मेसेजमध्ये नसतो, पण बैठकीत निघतो: हे गरिबांचा अपमान करणं आहे. याच्यापुढे मी मान झुकवतो. दारोदार भाकरी मागायला लावणारी येसकरकी या गावांनी जातीच्या नावाने चालवली. 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी उष्टं-शिळं सोडा म्हणून सांगितलं. तेव्हा ताटातलं उरलेलं फ्रिजमध्ये येताच कामा नये. तुम्ही स्वतः आज रात्री जेवाल तेच ठेवा. आणि नेणाऱ्याला नाव, जात, रेशन कार्ड विचारू नका, फोटो तर मुळीच काढू नका.

घरात लग्न असेल तर केटररशी आधीच बोला: वाढायला न काढलेलं अन्न वेगळ्या झाकणाच्या डब्यात, वर शिजवल्याची वेळ, आणि पहिल्या दोन पंगती उठताच ते न्यायला येणाऱ्या संस्थेला फोन. शेवटची पंगत उठेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.