कोलब्रुकला जाताना ‘अनाथ’ हा शब्द घरीच ठेवा

अ‍ॅडलेडला लेकीकडे, मुलाकडे आलेल्या आई-बाबांना हानडॉर्फ आणि ग्लेनेल्ग दाखवून होतंच. त्यात ईडन हिल्सचं कोलब्रुक रिकन्सिलिएशन पार्कही घाला. शेफर्ड्स हिल रोडवर आहे, तिकीट नाही, तासाभरात निवांत पाहून होतं.

फक्त ‘इथे पूर्वी अनाथाश्रम होता’ असं सांगू नका. १९४०च्या दशकापासून १९७२पर्यंत या जागेवर ख्रिस्ती मिशनचं कोलब्रुक होम होतं. सुमारे ३५० अबोरिजिनल (ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांची) मुलं इथे राहिली, आणि त्यातल्या कित्येकांचे आई-बाप चांगले हयात होते. साउथ ऑस्ट्रेलियाच्या १९११च्या कायद्यानं सरकारी ‘चीफ प्रोटेक्टर’ प्रत्येक अबोरिजिनल मुलाचा २१ वर्षांपर्यंत कायदेशीर पालक झाला. आई-बाप किंवा नातेवाईक जिवंत असले तरीही, हे कायद्यात चक्क लिहून ठेवलं होतं! डोरिस कार्टिन्येरी १९४५ साली जन्मल्या. आई बाळंतपणानंतर गेली, वडील होते, तरी महिन्याभराच्या लेकराला हॉस्पिटलमधून परस्पर इथे आणलं. पुढे अबोरिजिनल हक्कांसाठी झटलेल्या लोविचा ओडोनह्यू दोन वर्षांच्या असताना आईपासून तुटून मिशनच्या ताब्यात गेल्या. मिशनवाल्यांनी त्यांना ‘लोइस’ केलं आणि जन्मतारीख ठरवली १ ऑगस्ट. तिकडे घोड्यांचा सरकारी वाढदिवस याच तारखेला धरतात. आई पुन्हा दिसायला तीसहून जास्त वर्षं गेली.

लोक आधी ‘फाउंटन ऑफ टिअर्स’पाशी (१९९८) थांबतात, फोटो काढतात आणि निघतात. उलट करा. आधी १९९९चा ब्राँझचा ‘ग्रीव्हिंग मदर’ पुतळा पाहा, आणि चेहऱ्याआधी हात पाहा. दोन्ही रिकामे आहेत. मग कारंज्याकडे या. दगडातल्या चेहऱ्यांवरून पाणी ओघळतं ते कोणालाही कळतं, पण कूलामन समजावून सांगावा लागतो. कूलामन म्हणजे लाकडाची खोलगट परात. आया तिच्यात तान्ही बाळं ठेवत. इथला कूलामन रिकामा का, हे सोबतच्या पोरांना विचारा. मोठ्यांपेक्षा लवकर सांगतील.

पुतळ्यातल्या आईच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी नको, एवढं तरी पाळू या.

२६ मे, म्हणजे घरच्यांपासून तोडलेल्या या मुलांच्या आठवणीच्या ‘सॉरी डे’ला जाणार असाल तर मागे उभे राहा. तिथल्या ज्येष्ठांना अंकल-आंटी म्हणतात, आपल्या काका-मावशीसारखंच. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐका. ‘मग आई भेटली का?’ हे मात्र विचारू नका.